मास्तरणीचे बुडबुडे

मास्तरणीला स्वस्थ बसता येत नसे. तान्ही असताना ती पाळण्यात सारखी पालथी व्हायची आणि आई तिला सारखी सुलटी करायची, अशी घरातली आठवण होती. मोठेपणीही फारसा फरक पडला नाही. जमिनीवर तिचे हात काही ना काही आवरत असायचे, पाय कुठेतरी निघालेले असायचे, आणि बोलता बोलता वाक्य अर्धे टाकून ती खिडकीची कडी लावून यायची. पाण्याखाली मात्र तीच बाई अशी संथ व्हायची की मासे तिच्या कोपरापाशी येऊन थबकायचे. "ही म्हणजे लोणी आहे," तिचा नवरा सांगायचा. "पाण्यात ठेवा, घट्ट. बाहेर काढलं की पाघळलीच."

तिचे खरे नाव कागदोपत्री उरले होते. धक्क्यावर लहानथोर तिला मास्तरीणच म्हणत, कारण ती लोकांना बुडायला शिकवायची. हा शब्द तिचा स्वतःचा. "पोहायला कोणीही शिकवेल. नीट बुडायचं असेल तर माझ्याकडे या." पाठीवर हवेचे सिलिंडर, तोंडात त्याची नळी, डोळ्यांवर मास्क, पायांना रबरी फिन्स, आणि मग पाण्याखाली अर्धा-पाऊण तास. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची एक शेड होती, तीच तिची शाळा. आत सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर दिवसभर खोकत असायचा आणि दोरीवर काळे रबरी पोशाख मान खाली घालून लटकत असायचे, शिक्षा झालेल्या पोरांसारखे.

शाळेत माणसे तीन. मास्तरीण स्वतः. तिचा धाकटा भाऊ, ज्याला तिनेच लहानपणी मानगूट धरून पाण्यात ढकलले होते आणि पुढे डायव्हिंगही शिकवले. आणि त्याची बायको, म्हणजे मास्तरणीची भावजय. ती पाण्यात उतरत नसे. तिची सत्ता होडीवर. नांगर टाकायचा, इंजिन सांभाळायचे, आणि खाली गेलेल्यांचे बुडबुडे पाण्यावर कुठे येतात त्यावर डोळा ठेवायचा, हे तिचे काम. तिच्या जिभेला मात्र नांगर नव्हता. मास्तरणीचा नवरा या सगळ्यापासून दोन गल्ल्या लांब, घड्याळे दुरुस्त करत बसलेला असे. त्याला पाणी घोट्यापर्यंत चालायचे.

मास्तरणीचे नियम पुष्कळ, पण दोन सगळ्यांत वरचे. पहिला, श्वास कधीही धरून ठेवायचा नाही. खाली छातीत भरलेली हवा वर येताना फुगते. तोंड मिटून वर आलात तर फुप्फुसाची पिशवी फाटायला वेळ लागत नाही. तेव्हा घ्या आणि सोडा, घ्या आणि सोडा, समोर देवमासा आला तरी. नवख्याला ती दुसरे काही चुकले तर समजावून सांगायची. श्वास धरला तर मात्र त्याला पाण्याबाहेर काढून शेडच्या भिंतीपाशी बसवायची.

दुसरा नियम, जोडीतल्या कोणालाही, कधीही, कशासाठीही वर यावेसे वाटले तर त्याने अंगठा वर दाखवायचा. की संपले, दोघांनी वर यायचे. आणि दुसऱ्याने "का?" म्हणून विचारायचे नाही. पाण्यात नाही, होडीत नाही, घरी गेल्यावर नाही. "कारण सांगावं लागेल म्हटलं की माणूस अंगठा उशिरा दाखवतो," ती म्हणायची, "आणि पाण्यात उशीर म्हणजे काय, ते मी सांगायला नको." एकदा एका नव्या नवऱ्याने होडीत आपल्या बायकोला "घाबरलीस काय गं?" असे विचारले, तर मास्तरणीने त्या दिवसाचे त्याचे बुडणे बंद करून टाकले होते. बायको मात्र दुपारी पुन्हा उतरली.

मास्तरीण पडली ती पाण्यात नव्हे. उतरणीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर, पाठीवर सिलिंडर घेऊन, मागे वळून विद्यार्थ्यांना "सावकाश या, पाय सटकेल" असे सांगत असताना तिचा पाय सटकला. डावी कूस होड्या बांधायच्या लोखंडी खुंटावर आदळली. "काही नाही, काही नाही," म्हणत ती उठली, सिलिंडर सारखे केले, दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. तिने श्वास घेतला, पण तो पोचेना. एखाद्याला हाक मारावी आणि त्याने वळूनच पाहू नये, तसे झाले. धाकट्याने तिला पाठुंगळी घेऊन रस्त्यापर्यंत नेले. एरवी बहिणीचे वजन हा त्याच्या थट्टेचा विषय, पण त्या दिवशी तो तिला घेऊन जवळजवळ पळत गेला.

बरगडी मोडून तिचे टोक आत टोचले होते आणि डावे फुप्फुस मिटून गेले होते. इस्पितळात तिच्या कुशीतून एक नळी आत घातली आणि तिचे दुसरे टोक खाटेखाली ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीत सोडले. मास्तरीण खोकली की बाटलीत बुडबुडे यायचे.

"हे बुडबुडे म्हणजे अजून आतून हवा गळतेय," नर्स म्हणाली. "ते थांबले की समजा छिद्र बुजलं."

झाले. मास्तरणीला काम मिळाले. खाटेच्या कडेवरून मान खाली घालून ती बाटलीकडे बघत बसायची. श्वास घ्यायची, थांबायची, ऐकायची. आला का? आला. पुन्हा. शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणायच्या, "अगं, बाटलीत काय मासा पाळलायस?" एके दुपारी ती खोकली आणि बाटली गप्प राहिली. ती पुन्हा खोकली. बाटली गप्प. तिने नवऱ्याचा हात इतका दाबला की त्याच्या बोटांवर वळ उठले, आणि तो बिचारा बोटांवर जगणारा माणूस.

वॉर्डातल्या डॉक्टरने तिला घरी सोडताना सांगितले, "यापुढे पाणी फक्त बादलीतलं." त्यावर मास्तरणीने जो चेहरा केला तो पाहून नवऱ्याने तिला छातीच्या एका मोठ्या डॉक्टरकडे नेले, ज्याच्याकडे पाणबुडे जायचे. त्या डॉक्टरने छातीचा एक्स-रे फोटो दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिला.

"आपणहून मिटणारं फुप्फुस असतं तर मी तुम्हाला कधीच पाण्यात जाऊ दिलं नसतं," तो म्हणाला. "तुमचं बाहेरून टोचून मिटलंय. नीट भरून आलं, पुन्हा फोटो स्वच्छ आला, तर बघू. पण तोवर जिनासुद्धा धावत चढायचा नाही."

"डॉक्टर, नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून टाका," नवरा म्हणाला. "घरी गेल्यावर ही माझं ऐकत नाही."

"इथे तरी कुठे ऐकतायत," डॉक्टर म्हणाला, कारण मास्तरीण तोवर उठून त्याच्या खिडकीचा वाकडा पडदा सरळ करत होती.

ते घरी बसण्याचे महिने कसे गेले ते नवऱ्यालाच ठाऊक. तिने त्याच्या दुकानातल्या स्प्रिंगांचे आणि चाकांचे चिमुकले कप्पे आकारानुसार लावून दिले. त्यामुळे पंचवीस वर्षे डोळे मिटून हाताला लागणारी वस्तू त्याला शोधून सापडेना. मग तिने कप्पे पुन्हा पहिल्यासारखे लावायला घेतले, आणि ते त्याहून वाईट झाले. दिवसातून कितीदा तरी ती चालता चालता थांबायची, डाव्या कुशीवर तळहात ठेवायची, आणि पुन्हा निघायची. "काय झालं?" तो विचारायचा. "कुठे काय," ती म्हणायची.

शेवटी फोटो स्वच्छ आला. डॉक्टरने जा म्हटले. उथळ, सावकाश, आणि कुशीत काही वाटले तर वर. मास्तरीण दवाखान्यातून निघाली ती नवऱ्याला बस-थांब्यावर सोडून तडक धक्क्यावर गेली.

इकडे शाळा चालू ठेवायला धाकट्याने पलीकडच्या बंदरातला एक बदली माणूस आणला होता. हंगाम तोंडावर आला होता आणि तो माणूस हंगामभर ठेवायचा की मोकळा करायचा, ते लवकर सांगायला हवे होते. धाकटा म्हणाला, "ताई, आधी आपण दोघं बुडू. बुडालेल्या बार्जपर्यंत जाऊन येऊ. तुला पहिल्यासारखं जमलं की नवखे तुझ्याकडे. नाही जमलं तर..."

"नाही जमलं तर काय?"

"तर शेड आहे, कॉम्प्रेसर आहे."

म्हणजे सिलिंडर भरत बसायचे आणि लोक पाण्यात जाताना बघायचे. मास्तरीण म्हणाली, "उद्या सकाळी. आणि मास्क धुऊन आण, तुझा कायम बुरसटलेला असतो."

बार्ज, म्हणजे तळाशी बसलेली जुनी मालवाहू होडी, फार खोल नव्हती. पाण्यावरच्या लाल पिंपापासून खाली बार्जपर्यंत एक जाड दोर होता. त्याला मधोमध एक मोठी गाठ होती. दोर धरून उतरायचे, गाठीपाशी एकमेकांना बोटांनी ठीक आहे ना विचारायचे आणि पुढे जायचे. पहिल्या दिवशी पाणी नितळ होते. मास्तरीण खाली उतरू लागली, नाक दाबून कान मोकळे केले, हातपाय आपापली कामे करू लागले. तिला वाटले, आपण घरी आलो. गाठ आली. धाकट्याने ठीक आहे ना विचारले, तिने ठीक म्हणून सांगितले. ती आणखी थोडी उतरली, तोच त्याने तिच्या दंडाला हात लावला आणि अंगठा वर दाखवला.

नियम तो नियम. दोघे सावकाश वर आले. होडीत त्याने फिन्स काढल्या, पाणी झटकले आणि ढगांकडे बघत बसला. मास्तरणीने ओठ घट्ट मिटून घेतले. भावजयीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि इंजिन चालू केले.

दुसऱ्या दिवशीही तेच. गाठीच्या जरा खाली, दंडाला हात, अंगठा वर.

तिसऱ्या वेळी मास्तरीण मनाशी म्हणाली, आज काही झाले तरी बार्जच्या कठड्याला हात लावणार. कठडा दिसूही लागला. हिरव्या अंधारातून त्याची गंजकी कड वर आली होती. आणि अंगठा. तिने मान हलवली. त्याने अंगठा पुन्हा दाखवला, नाकापुढे आणून. ती वर आली. होडीत चढल्यावर तिने पायातली फिन इतक्या जोरात काढली की ती भावजयीच्या मांडीवर जाऊन पडली.

"लागलं का?" मास्तरणीने विचारले.

"मला नाही," भावजय म्हणाली.

आता मास्तरणीच्या डोक्यात भुंगा शिरला. त्याचे कान दुखत असतील? मग बदली माणसाबरोबर तो रोज कसा उतरतो? की त्याला मोठेपणाची चटक लागली? इतकी वर्षे ताईच्या मागे मागे. आता शेड त्याची, नवखे त्याचे, "सर, सर" करणारे. की आपण म्हातारे दिसतो? तिने शेडमधल्या काचेच्या तुकड्यात तोंड पाहिले, रागाने तो तुकडा भिंतीकडे वळवला, आणि मग सिलिंडरची रांग मोडून नव्याने लावली. विचारावे म्हटले तर नियम आपलाच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्या बाईने एका नवऱ्याला बायकोशी बोलू दिले नाही, तिने भावाला कुठल्या तोंडाने विचारायचे?

दुपारी भावजय मोठ्या टबात पोशाख खळबळत होती. मास्तरीण शेजारी उभी राहिली, बसली, उठली, एक पोशाख उचलून पिळू लागली.

"तो पिळलेला आहे, वन्सं."

"मग?"

"मग काही नाही. पिळा अजून. रबर आहे, रडणार थोडंच."

मास्तरणीने पोशाख खाली टाकला. "तुझ्या नवऱ्याला काय झालंय?"

"त्याला विचारा."

"त्याला विचारता येत नाही. नियम आहे."

भावजयीने टबातून हात बाहेर काढले आणि पदराला पुसले. "नियम पाण्यात जाणाऱ्यांना. मी कुठे पाण्यात जाते? मला विचारायला कोणाची बंदी आहे?"

मास्तरीण टबापाशी उकिडवी बसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तो वर का आणतो मला?"

"तो मला काही सांगत नाही. ओठ शिवलेत त्याचे. पण वन्सं, मी होडीत बसून काय करते? मासे पकडते? बुडबुडेच बघते ना! दोघं खाली गेलात की दोन ठिकाणी बुडबुडे येतात. त्याचे येतात, थांबतात, येतात, थांबतात, कुत्रं धापा टाकतं तसे नियमित. तुमचेही आधी तसेच येतात. मग तुम्ही जरा खाली गेलात की..."

"की काय?"

"की थांबतात. थांबलेलेच राहतात. पहिल्या दिवशी मी होडीत उभी राहिले. म्हटलं, गेली का काय ही बाई! मग एकदम भसकन मोठा लोट आला. मग पुन्हा थांबले. तिन्ही दिवस तेच."

मास्तरणीच्या तोंडात कोणी मारल्यासारखे झाले. "मी? श्वास धरते? मी?"

"मला काय कळतंय त्यातलं," भावजय म्हणाली. "मी आपली बुडबुडे बघणारी."

"डोळे तपासून घे तुझे."

"घेते. तुम्ही छाती तपासून घेतलीत ना, तशीच."

मास्तरीण तरातरा शेडबाहेर पडली आणि धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आली, आणि पुन्हा गेली. हलवायाला कोणी सांगावे की तुला साखर ओळखता येत नाही, तसे हे. शेकडो माणसांना तिने श्वास धरू नका म्हणून कानीकपाळी ओरडून सांगितले होते. तिचा स्वतःचा श्वास पाण्यात आपोआप चालायचा, घरातल्या घड्याळासारखा, त्याच्याकडे कोणाला बघावेही लागत नसे. भावजयीला काय समजते? ऊन असते, लाटा असतात, बुडबुडे एकमेकांत मिसळतात. पण पाणी तर तिन्ही दिवस आरशासारखे होते.

संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला समोर बसवले.

"माझ्याकडे बघा. मी श्वास घेतेय ना?"

"देवाच्या कृपेने."

"थट्टा नको. मी नेहमीची कामं करते. तुम्ही फक्त बघायचं."

तिने चहाचे आधण ठेवले, कपाट उघडले, कप काढले, टेबलावर मांडले. चहा ओतताना ती मध्येच थांबली. किटली हातात तशीच.

"हे बघ," नवरा म्हणाला. "आत्ता धरलास."

"काय?"

"श्वास. तू रोज धरतेस. चालताना थांबतेस आणि धरतेस. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"आणि मला सांगितलं नाही तुम्ही?"

"मला त्यात नवल काय वाटणार? मीही दिवसभर तेच करतो. घड्याळ कानाला लावलं की श्वास धरायचा. नाहीतर आपल्याच नाकाचा आवाज ऐकू येतो, आतली टिकटिक नाही. तू पण काहीतरी ऐकत असशील."

मास्तरणीने किटली खाली ठेवली. ऐकत होती खरी. डाव्या कुशीत पुन्हा काही गळते आहे का, ते ती ऐकत होती. चालताना, ओतताना, पडदा ओढताना. इस्पितळात बाटलीकडे बघता बघता ही खोड लागली होती. श्वास घ्यायचा, थांबायचा, कानोसा घ्यायचा. आणि बुडबुडे थांबले की देव पावला. पाण्याखाली तर नळीतून येणाऱ्या हवेचा केवढा आवाज. तिथे ऐकायचे तर जास्तच वेळ थांबायला हवे. आणि खालून वर येताना ती अशी ऐकत राहिली असती, तर ज्या फुप्फुसाची एवढी राखण चालली होती तेच तिने स्वतःच्या हाताने फाडले असते.

तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज अधिक. धाकट्याने हे तीनदा पाहिले होते. पाहून तो गप्प राहिला होता. ज्या बहिणीने मानगूट धरून आपल्याला शिकवले तिला कोणत्या शब्दांत सांगावे की तुझे पहिलेच अक्षर चुकते आहे, हे त्याला सुचले नसेल. म्हणून त्याने अंगठा पुढे केला. त्यात कारण द्यावे लागत नाही.

सकाळी ती धाकट्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तो कॉम्प्रेसरच्या तेलात कोपरापर्यंत बुडाला होता.

"मी श्वास धरते," ती म्हणाली.

त्याने वर पाहिले नाही. "कोणी सांगितलं?"

"कोणी का सांगेना. खरं की नाही?"

"खरं."

"मग मला शिकव."

आता त्याने वर पाहिले. "मी? तुला?"

"नाहीतर काय बदली माणसाकडे जाऊ? माझी अब्रू अजून तेवढी स्वस्त नाही झाली."

धाकट्याने चिंधीला हात पुसले. चेहरा गंभीर ठेवायचा त्याने फार प्रयत्न केला, पण तोंडाचा एक कोपरा निसटलाच. "शिकवीन. पण माझ्या वर्गात मध्येच उठून खिडक्या लावायच्या नाहीत."

"शेडला खिडकी कुठाय?"

"आणि उलट बोलायचं नाही."

"फार चढलास तू."

"भिंतीपाशी बसवीन हं, ताई."

अशी गुरूची विद्या गुरूला आली. धक्क्याला लागून कमरेएवढ्या पाण्यात, जिथे ती नवख्यांना गुडघ्यावर बसवायची, तिथे ती स्वतः गुडघ्यावर बसली. वर बदली माणसाचे विद्यार्थी पोशाख चढवत होते. त्यातल्या एका जाड चष्मेवाल्या गृहस्थाने तिला विचारले, "तुमचाही पहिलाच दिवस का?" मास्तरीण "हो" म्हणाली आणि पाण्याखाली गेली.

धाकट्याचा उपाय साधा होता. तोंडात नळी ठेवून पाढे म्हणायचे. शब्द उमटत नाहीत, नुसते गुंगुं होते, पण गुणगुणणाऱ्या माणसाला श्वास धरता येत नाही. ती दोनचा म्हणाली, तीनचा म्हणाली. सातच्या पाढ्यात कुशीत बारीकशी कळ आली आणि ती गप्प झाली. त्याने टपली मारली. ती पुन्हा सुरू झाली. डोके बाहेर काढून म्हणाली, "टपली कशाला मारतोस? मी कधी मारली होती?"

"रोज."

"ती बरोबर होती."

पहिल्या दिवशी टपल्या पुष्कळ बसल्या. मग कमी झाल्या, मग एक दिवस पुन्हा वाढल्या. त्या दिवशी तिने मास्क काढून पाण्यात फेकला आणि तो शोधायला धाकट्याला बुडावे लागले. तेराच्या पाढ्याला ती लहानपणापासून अडखळायची, म्हणून धाकटा मुद्दाम तेराचाच म्हणायला लावी. अडखळली तरी आवाज बंद होता कामा नये. खोड तशी सुटेना. ऐकायची ओढ आतून यायची, खाजेसारखी. फुप्फुस बरे आहे हे फोटोत दिसले होते, डॉक्टरने सांगितले होते, पण तिला ते स्वतःच्या कानाने ऐकायचे होते, आणि पाण्यात नेमकी तीच एक गोष्ट करायची नव्हती. घरी नवरा जेवताना बोटाने टेबलावर टकटक करायचा: धरलास. ती घास तोंडात ठेवून नाकाने फुसकन हवा सोडायची.

मग एका सकाळी धाकटा म्हणाला, "बार्ज."

होडी लाल पिंपाशी लागली. भावजयीने नांगर टाकला आणि पदर खोचून कडेला बसली. दोघे उलटे होऊन पाण्यात गेले.

मास्तरणीने दोर धरला. तेराचा पाढा आज तिने स्वतःच निवडला. तेरा एके तेरा. तेरा दुणे. नळीतून भुरभुर बुडबुडे कानामागून वर जात होते. पूर्वी खाली जाताना तिचे मन पाण्यासारखे पसरायचे; आज ते मुठीत धरल्यासारखे होते. पाढा, दोर, पाढा, कान मोकळे कर, पाढा. गाठ आली. धाकट्याने विचारले, तिने ठीक म्हणून सांगितले. गाठ मागे पडली. पाणी गार झाले, हिरवे झाले.

आणि कुशीत टोचले.

सगळे अंग कान झाले. पाढा 'तेरा सकं'पाशी तुटला. आत काय आहे? गळते आहे का? धाकट्याचा हात तिच्या दंडाकडे निघाला. तो पोचायच्या आत मास्तरणीला आपल्या डोक्याभोवतीची शांतता ऐकू आली. बुडबुड्यांशिवायची, इस्पितळात जिची ती वाट पाहत बसायची, तीच. तिने तोंडातून हवा सोडून दिली. तेरा सत्ते... किती ते आठवेना, म्हणून ती नुसतीच गुंगुं करत राहिली. टोचणे गेले नाही. वाढलेही नाही. जखम भरून आलेल्या जागी कातडी ओढल्यावर टोचते, तसे ते टोचत राहिले. धाकट्याचा हात दंडापासून बोटभर अंतरावर थांबला होता. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले, बुडबुड्यांकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

बार्जचा गंजका कठडा पायांखाली आला. मास्तरणीने त्याला हात लावला. खरखरीत, गार, शंख चिकटलेला. पूर्वी ती इथे पोचली की अर्धा तास कशाकशात हरवून जायची. आज ती काही हरवली नाही. एक लहान मासा कोपरापाशी आला, तिच्या गुंगुंने दचकला आणि पळून गेला. थोड्या वेळाने तिने स्वतःच वर जायची खूण केली. येताना ती सगळ्यांत सावकाश आली, इतकी सावकाश की धाकट्याला तिच्यासाठी थांबावे लागले, आणि वरपर्यंत तिचे गुणगुणणे चालू होते.

होडीत भावजयीने तिला हात दिला. "एकदा थांबले होते, वन्सं."

"ठाऊक आहे. गाठीच्या खाली."

"तुम्हाला कळलं?"

"कळलं. टोचलं म्हणून थांबले होते. मग म्हटलं, टोचू दे."

धाकट्याने मास्क कपाळावर सरकवला. त्याचे डोळे लाल झाले होते. मास्क घट्ट बसला की होतात. "बदली माणसाला काय सांगू?" त्याने विचारले.

मास्तरीण पायातल्या फिन्स काढत होती. त्या तिने जोडीने नीट लावून ठेवल्या.

"हा हंगाम राहू दे त्याला," ती म्हणाली. "नवख्यांना घेऊन तुम्ही दोघं पुढे जा. मी सगळ्यांच्या मागे येईन. मागून कोणाचे बुडबुडे थांबले ते दिसतं. माझं गुंगुं ऐकू यायचं थांबलं तर तू वळून बघशील."

"मागे? तू?"

"वेगळ्या भाषेत सांगू का?"

"नको, नको," धाकटा म्हणाला. "मागे तर मागे."

त्याने पुढे जाऊन नांगराचा दोर ओढायला घेतला. तळात कुठेतरी अडकला होता, त्याला एकट्याला येईना. मास्तरीण उठली आणि त्याच्या मागे जाऊन तिने दोर धरला.

"टोचतंय ना अजून?" त्याने विचारले.

"टोचतंय," ती म्हणाली. "ओढ."